मिश्री लावणाऱ्यांनी टिक कुठे करायची?

सिडकोतल्या आमच्या गल्लीत मार्च महिना दोन गोष्टींचा, कुरडयांचा आणि मेडिक्लेमचा. कुरडया गच्चीवर होतात आणि मेडिक्लेम कंपाउंडच्या भिंतीवर. शेजारचे भाऊ अंबडला एका कारखान्यात आहेत. त्यांच्या कंपनीची पॉलिसी एक एप्रिलला नवी होते, आणि त्याआधी महिनाभर कुणाचे किती कापणार यावर जेवढी चर्चा आमच्या भिंतीवर होते तेवढी युनियनच्या ऑफिसातही होत नसेल.

परवा वहिनी पातेलं गॅसवरून उतरवून तशाच भिंतीशी आल्या. कोपरापर्यंत गव्हाचा चीक.

"ताई, ऐकलंत का? सिगारेट ओढणाऱ्यांच्या पगारातून आता जादा पैसे कापणार आहेत म्हणे."

"कोण कापणार?"

"कंपनी. आणि बायकोचे वेगळे."

"बायको ओढत असेल तर?"

"नाही हो, बायको नुसती असली तरी!"

बातमी कॅन्टीनमधली होती. तिथून ती कंपनीच्या बसमध्ये चढली, पाथर्डी फाट्याला चहासाठी उतरली आणि रात्री भाऊंच्या ताटाशी पोचली. एवढ्या प्रवासात बातमी थोडी सुजतेच. पण वहिनी पुराव्यानिशी आल्या होत्या. फोन त्यांनी भिंतीवर ठेवला, बोटं चिकाची म्हणून करंगळीच्या पेरानं पडदा सरकवला आणि मला फॉर्म दाखवला. पहिला रकाना, पॉलिसीत आईवडील घालायचे की सासूसासरे. दुसरा, जोडीदार नोकरीला आहे का, असल्यास तिथे विमा आहे का. तिसरा, तंबाखूजन्य पदार्थांचं सेवन, होय किंवा नाही. पहिले दोन भरलेले. तिसऱ्यापाशी घोडं अडलेलं.

का अडलं ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. भाऊ रात्री जेवण झालं की शतपावलीला त्रिमूर्ती चौकापर्यंत जातात आणि येताना बडीशेप चघळत येतात. एवढी बडीशेप लागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"तुम्हीच सांगा," वहिनी म्हणाल्या, "मी 'होय' केलं तर हे म्हणणार, तू माझी अब्रू ऑफिसात टांगलीस. 'नाही' केलं आणि उद्या छातीत दुखून ॲडमिट व्हायची वेळ आली तर विमावाले म्हणणार, तुम्ही खोटं लिहिलं होतं. ओढणार हे आणि खोटी सही माझी."

"सही तुमची कशी? फॉर्म भाऊंचा ना?"

"फॉर्म त्यांचा, ओटीपी त्यांचा, भरतं कोण?"

हे मात्र खरं. आपल्याकडे नवऱ्यांचे फॉर्म बायकाच भरतात. इन्कम टॅक्सपासून आधारपर्यंत.

मला ही सिगारेटच्या पैशांची गोष्ट नवी नव्हती, कारण माझी भाची डॅलसला असते. तिच्या नवऱ्याच्या कंपनीत दर वर्षी हेच नाटक. फॉर्मवर लिहून द्यायचं की मी तंबाखू ओढत नाही, खात नाही. लिहून दिलं नाही तर दर महिन्याला पगारातून जादा डॉलर. अमेरिकेत ते कायद्यात बसतं. २०१० सालच्या आरोग्य कायद्यानं तिथल्या विमा कंपन्यांना तंबाखूवाल्यांकडून दीडपटीपर्यंत हप्ता घ्यायची मुभा दिली. म्हणजे दुसऱ्याला शंभर तर ह्याला दीडशेपर्यंत. मालकांनाही तशीच सूट आहे, पण एका अटीवर: माणसाला सुटायची वाट ठेवली पाहिजे. व्यसन सोडायच्या वर्गाला जा, वर्ग पुरा कर, जादा पैसे माफ. वर्ग करून सुटलं नाही तरी माफ. हे मला भाचीनं सांगितलं तेव्हा पटेना, पण नियम तसाच आहे. प्रयत्न केला एवढं पुरतं. ही वाट नीट ठेवली नाही म्हणून २०१७ साली तिथल्या सरकारच्या कामगार खात्यानं मेसीज या मोठ्या दुकानदार कंपनीला कोर्टात खेचलं होतं.

"आणि बायकोचं?" वहिनींना त्यात जास्त रस.

बायकोचं तर त्याहून मजेशीर. तिथे बायको किंवा नवरा स्वतः नोकरीला असेल, तिथे त्याला विमा मिळत असेल, आणि तरीही तो जोडीदाराच्या पॉलिसीत शिरत असेल, तर बऱ्याच कंपन्या दर महिन्याला वेगळा आकार लावतात. २०१३ मध्ये यूपीएस या पार्सलवाल्या कंपनीनं तर आकाराच्या भानगडीतच न पडता सांगून टाकलं की, ज्यांना स्वतःच्या नोकरीत विमा मिळतो त्या जोडीदारांनी आमच्या पॉलिसीतून बाहेर पडावं. पंधरा हजारांच्या आसपास नवरे-बायका एका पत्रात बाहेर. भाची स्वतः अर्धवेळ नोकरी करते. तिच्या नोकरीतला विमा इतका तोकडा की दात दुखला तरी विचार करावा लागतो. पण कागदावर 'विमा आहे'. म्हणून ती नवऱ्याच्या पॉलिसीत राहते आणि राहण्याचं भाडं भरते. मला म्हणते, "मावशी, लग्नाचा मासिक हप्ता आहे असं समज."

"म्हणजे माझंही तेच होणार," वहिनी म्हणाल्या. त्या इथल्याच एका शाळेत शिकवतात. शाळेत विमा म्हणजे सहलीला जाताना मुलांचा अपघात विमा काढतात तेवढाच. "मी 'नोकरी आहे, होय' आणि 'विमा आहे, नाही' असं लिहिलंय. बरोबर ना?"

"बरोबर. खरं आहे ते लिहायचं."

"मग तिसऱ्यातही खरंच लिहायचं?"

इथे आमचे हे आतून बोलले. हे बँकेतून निवृत्त झालेत, आणि विम्याचा विषय निघाला की पेपर बाजूला ठेवतात. एरवी मी चार वेळा हाक मारली तरी ठेवत नाहीत.

"कंपनीची ग्रुप पॉलिसी असते, वहिनी. त्यात एकेकट्याची तपासणी सहसा होत नाही. आधीचा आजार पहिल्या दिवसापासून धरतात. हप्ता सगळ्यांचा मिळून ठरतो, आणि तो ठरवताना बघतात की गेल्या वर्षी हप्ता किती भरला आणि क्लेम किती उचलले. समजा कोटभर भरले आणि सव्वा कोटीचे क्लेम झाले, तर पुढच्या वर्षी हप्ता वाढणारच. मग मालक शोधत बसतो की हा बोजा कोणाच्या खांद्यावर टाकता येईल. म्हणून हे रकाने."

"म्हणजे यांच्या सिगारेटीचा हप्ता सगळी कंपनी भरणार?"

"थोडा थोडा. तसा तुमच्या आप्पांच्या गुडघ्याचाही सगळी कंपनीच भरते."

वहिनी गप्प बसल्या. गुडघ्याचा उल्लेख त्यांना आवडला नाही, कारण तो खर्च अजून व्हायचा आहे.

एवढ्यात कोपऱ्यावरच्या काकू आल्या. काकू कळवणकडच्या, वय सत्तरीच्या पुढे, आणि कुठल्या घरात काय शिजतंय हे त्यांना त्या घरच्या बाईच्या आधी कळतं. त्यांनी विषय विचारला, वहिनींनी सांगितला. काकूंनी कमरेच्या पिशवीतून डबी काढली, चिमूटभर काळी भुकटी तर्जनीवर घेतली, ओठ ओढून हिरडीवर फिरवली आणि म्हणाल्या, "चांगलंच आहे. या सिगारेटवाल्यांचे कापायलाच पाहिजेत. घरभर धूर."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

"काकू, मिश्री म्हणजे तंबाखूच ना?"

"तंबाखू कसली? भाजलेली असते. मी तर दात घासते."

या एका वाक्यावर मी रात्री बराच वेळ विचार केला, कारण अमेरिकेतला जादा आकार आपल्याकडे आणला तर तो नेमका इथे आपटेल. तिथे तंबाखू म्हणजे मुख्यतः धूर. आपल्याकडे धूर म्हणजे अगदी थोडं. २०१६-१७ मध्ये केंद्र सरकारनं देशभर तंबाखूची पाहणी केली. त्यात महाराष्ट्रातल्या शंभर मोठ्या माणसांमागे ओढणारे निघाले जेमतेम चार. खाणारे, चघळणारे, लावणारे निघाले चोवीसच्या वर. बायकांत ओढणाऱ्या शंभरात दीडसुद्धा नाहीत, पण मिश्री आणि तंबाखूवाल्या सोळा-सतरा. 'धूम्रपान' असा रकाना घातला तर एवढी सगळी माणसं हसत हसत 'नाही' वर टिक करतील आणि एकही जण खोटं बोललेला नसेल. भाऊंच्या कंपनीनं 'तंबाखूजन्य पदार्थ' असं लिहिलंय, ते कुणा शहाण्या माणसानं लिहिलंय. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तेव्हा गुटखा खाणाऱ्यानं काय लिहायचं हा प्रश्न वेगळाच. बंदी असलेली वस्तू मी रोज खातो, असं कंपनीच्या फॉर्मवर कोण लिहून देईल?

अमेरिकेतल्या कायद्याची व्याख्या मी काकूंना वाचून दाखवली. भाचीनंच पाठवली होती. गेल्या सहा महिन्यांत सरासरी आठवड्याला चार किंवा जास्त वेळा तंबाखूचा कुठलाही पदार्थ वापरला असेल तर तो तंबाखूवाला. धार्मिक विधीतला वापर सोडून.

"मग झालं की," काकू म्हणाल्या. "मी देवपूजेच्या आधीच लावते."

काकूंपुढे तिकडचा वकीलही टिकायचा नाही.

वहिनींच्या भावाचं मात्र यात हसं झालं होतं, ते त्यांनी तेव्हा सांगितलं. भाऊ म्हणजे त्यांचा सिन्नरचा. मुसळगावच्या एमआयडीसीत आहे. त्यानं मुलीच्या नावानं मोठा टर्म इन्शुरन्स काढायला घेतला. अर्जावर 'धूम्रपान नाही' असं बेधडक लिहिलं. खोटं काहीच नव्हतं. आयुष्यात त्यानं विडी पेटवली नाही. तो तळहातावर पुडीतली तंबाखू घेतो, नखानं चुना लावतो, अंगठ्यानं मळतो, टाळी मारून कचरा उडवतो आणि बार दाढेखाली ठेवतो. लॅबचा पोरगा घरी येऊन रक्त आणि लघवी घेऊन गेला. आठवड्यानं कंपनीचं पत्र: तंबाखू सेवन आढळलं, हप्ता वाढीव दरानं. तो लॅबवाल्यावर चिडला. पण लॅबवाल्याचा काय दोष? निकोटिन शरीरात गेलं की त्याचं कोटिनिन होतं आणि ते काही दिवस अंगात राहतं. ते धुराचं आहे का चुन्यातलं हे कोटिनिन विचारत नाही.

"मग त्यानं काय केलं?"

"काय करणार, वाढीव भरला. आणि तंबाखू खातोच आहे. वर म्हणतो, आता तर पैसे भरलेत, वसूल नको का करायला?"

जादा आकाराचं माझ्या मते हेच दुखणं आहे. पैसे कापले की माणसाला वाटतं हिशेब फिटला. पेनल्टी भरली की लाज जाते. दंड लावून माणूस सुधारत असता तर रविवार कारंजावर गाडी लावायला जागा मिळाली असती. भाचीच्या अमेरिकेतली ती वर्गाची अट मला म्हणूनच पटली. पैशापेक्षा वर्ग बरा. आणि आपल्या कंपन्यांना दंड लावायची हौस असेल तर आधी वर्ग काढा, कंपनीच्या वेळात, पगारी. मग बघू.

वहिनींचं माहेर सिन्नरचं हे मी वर लिहिलं त्याला कारण आहे. सिन्नर म्हणजे विडीचं गाव. एमआयडीसी नंतर आली. वहिनींची आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि जर्दा, पत्र्याच्या मापानं पान कापायचं, चिमूट जर्दा भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा, टोक दाबून बंद करायचं. पैसे हजारी विड्यांवर. घरभर तंबाखूची धूळ, आणि लहान मुलं त्याच खोलीत अभ्यासाला. वहिनी म्हणतात, "मला अजून जर्द्याच्या वासानं पाढे आठवतात." त्या बाईनं स्वतः कधी ओढलं नाही की खाल्लं नाही. पण नाकातोंडात आयुष्यभर तंबाखूच. तिला कुठल्या रकान्यात घालायचं?

त्या बायकांसाठी सरकारनं १९७६ मध्ये विडी कामगार कल्याण निधीचा कायदा केला. विडीवरच थोडासा सेस, आणि त्या पैशातून विडी वळणाऱ्यांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरं. वहिनींची शाळेची वह्या-पुस्तकं त्यातूनच आली. म्हणजे ज्यानं विडी ओढली त्याच्या पैशातून विडी वळणारीचं औषध. मला तो हिशेब भाचीच्या कंपनीपेक्षा सरळ वाटतो. तंबाखूचे पैसे घ्यायचेच असतील तर ते तंबाखूवर घ्यावेत, माणसाच्या पगाराच्या स्लिपवर नव्हे. पण २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तो सेस गेला. कल्याणाचा खर्च आता सरकारच्या बजेटमधून व्हायचा. विडीवरचा कर आहेच, पण तो कुठल्या आईच्या औषधाला गेला हे कुणी सांगू शकत नाही.

आप्पांचा विषय निघाला होता म्हणून सांगते. आप्पा म्हणजे वहिनींचे सासरे. सातपूरच्या एका कंपनीत तीस वर्षं मशीनवर. तंबाखू खातात, उघड खातात, आणि त्यांच्या आयुष्यात त्यांना हा 'होय-नाही' कुणी विचारला नाही. का? कारण त्यांचा विमा ईएसआयचा. योजना १९४८ च्या कायद्यातून आलेली. त्यात एकच विचारतात, पगार किती. आज पगार महिना २१,००० पर्यंत असला की तुम्ही आत. कामगाराचे कापतात पाऊण टक्का, मालक भरतो सव्वातीन टक्के. वीस हजारवाल्याचे महिना दीडशे रुपये, मालकाचे साडेसहाशे. त्यात बायको आली, मुलं आली, अवलंबून असलेले आईवडील आले. बायकोचा आकार नाही, विडीचा नाही. निवृत्त झाल्यावर अटीत बसत असाल तर वर्षाला १२० रुपये भरायचे, नवरा-बायको दोघांना उपचार. आप्पा ते पैसे जानेवारीत भरतात आणि सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलमधून बीपीच्या गोळ्या आणतात. भाऊंचा पगार २१ हजारांच्या वर गेला त्या वर्षी त्यांनी पेढे वाटले. आप्पा तेव्हा म्हणाले होते, "पेढे कसले वाटतोस, ईएसआयमधून बाहेर पडलास तू." आम्ही तेव्हा हसलो.

त्यांचं म्हणणं मला कळलं ते वहिनींच्या सासूबाईंना ॲडमिट केलं तेव्हा. कंपनीच्या पॉलिसीत खोलीचं भाडं दिवसाला पाच हजारपर्यंत मंजूर. खासगी दवाखान्यात त्या दिवशी आठ हजाराचीच खोली रिकामी. भाऊ म्हणाले, घ्या, वरचे तीन हजार मी देतो. त्यांना वाटलं फरक रोजचा तीन हजारच. बिल आलं तेव्हा कळलं की खोली वरच्या दर्जाची घेतली की औषधं आणि तपासण्या सोडून डॉक्टरच्या फीपासून ऑपरेशन थिएटरपर्यंत सगळं त्याच प्रमाणात कापतात. आठाला पाच म्हणजे शंभरातले साडेसदतीस रुपये खिशातून. वहिनींनी तेव्हा बांगड्या ठेवल्या होत्या. आमच्या ह्यांनी पॉलिसीची ती ओळ शोधून दाखवली. बारीक अक्षरात होती, पण होती.

अमेरिकेत सिगारेट आणि बायको. आपल्याकडे जादा आकार पडतो तो आईवडिलांवर. आपल्या बहुतेक कंपन्या नवरा, बायको आणि दोन मुलं यांचा हप्ता स्वतः भरतात, पण आईवडील घालायचे तर तो हप्ता बऱ्याच ठिकाणी पगारातून जातो, आणि वय वाढेल तसा वाढतो. भाऊंचा गेल्या वर्षी वाढला तेव्हा ते दोन दिवस बोलले नाहीत. वर जीएसटीची गंमत: २२ सप्टेंबर २०२५ पासून आपण स्वतः काढलेल्या आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, पण ग्रुप पॉलिसीला ती सवलत नाही. आप्पा-आजींची वेगळी पॉलिसी काढावी म्हणून वहिनींनी चौकशी केली, तर सत्तरीच्या माणसाला नवी पॉलिसी म्हणजे आधीच्या आजारांना तीन-तीन वर्षं थांबा आणि तंबाखू खाता का हा प्रश्न आहेच. आप्पा तर पत्ता विचारला तरी खिशातली पुडी काढून दाखवतील.

"लिहू मग?" वहिनींनी पुन्हा विचारलं.

आमचे हे म्हणाले, "आरोग्य विम्याला पाच वर्षं सलग झाली की विमावाल्यांना 'तुम्ही लपवलंत' असं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तर गोष्ट वेगळी. २०२४ मध्ये मुदत आठाची पाच केली. पण त्या पाच वर्षांत छातीत दुखायचं नाही, हे भाऊंना कोण सांगणार?"

वहिनींनी करंगळीनं 'होय' वर टिक केली. केली आणि लगेच एचआरच्या मॅडमना फोन लावला, स्पीकरवर, म्हणजे आम्हालाही ऐकू यावं. मॅडमनी सगळं शांतपणे सांगितलं. तंबाखूचं लोडिंग यंदा नाही. ही माहिती फक्त विमा कंपन्यांचे भाव मागवायला. जोडीदाराला जादा नाही. फक्त आईवडिलांचा हप्ता, तो मात्र यंदा वाढतोय.

"किती?"

मॅडमनी आकडा सांगितला. वहिनींनी भिंतीचा आधार घेतला.

"बघा," त्या फोन ठेवून म्हणाल्या, "सिगारेट ओढणाऱ्याला माफ आणि आप्पांना नाही."

"आप्पाही खातात की."

"ते वयासाठी भरतायत हो, तंबाखूसाठी नाही!"

काकू इतका वेळ पहिल्या रकान्याकडे बघत होत्या. "हे आईवडील की सासूसासरे, म्हणजे एकच जोडी?"

"एकच. माझ्या बहिणीच्या कंपनीत तर बाईनं आईवडील घातले की सासूसासरे बाहेर."

काकूंची सून पुण्याला आयटीत आहे. गेल्या महिन्यात ती सांगून गेली होती की कंपनीच्या पॉलिसीत मोठ्यांची नावं घातलीत, काळजी करू नका. कुणा मोठ्यांची, हे काकूंनी विचारलं नव्हतं. आता भिंतीवरूनच त्यांनी पुण्याला फोन लावला. तिकडून बराच वेळ 'आई, ते काय झालं' असं चाललं होतं. काकू 'बरं, बरं' म्हणत राहिल्या आणि फोन बंद करून डबी परत कमरेला खोचली.

"तिचे आईवडील घातलेत," त्या म्हणाल्या. "बरंच झालं. नाहीतर त्या पोरीला फॉर्मवर माझी मिश्री लिहावी लागली असती."